हेडर फाइलींचे परस्परावलंबन : युनिक्स ते लिनक्स

१

ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास बहुधा तिच्या मोठ्या कल्पनांच्या अनुषंगाने लिहिला जातो. एकाच यंत्रावर अनेक कामे एका वेळी कशी चालावीत, स्मृतीची वाटणी कशी व्हावी, फाइलींची मांडणी कशी असावी, हे त्या इतिहासाचे परिचित विषय होत. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदी किरकोळ वाटण्याजोगा आहे. सी भाषेत लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममधील एका फाइलीने दुसऱ्या फाइलीतील व्याख्यांवर कसे विसंबावे आणि हे विसंबणे आटोक्यात कसे ठेवावे, एवढाच तो प्रश्न आहे. परंतु अर्ध्या शतकाच्या अवधीत या किरकोळ प्रश्नाने फार मोठे रूप धारण केले. जानेवारी २०२२ मध्ये इंगो मोलनार या लिनक्सच्या ज्येष्ठ कार्यकर्त्याने केवळ हेडर फाइलींची गुंतागुंत सोडविण्यासाठी २,२९७ बदलांची एक मालिका जाहीर केली, आणि त्या बदलांचा स्पर्श लिनक्सच्या निम्म्याहून अधिक फाइलींना होत होता. एका साध्या सोयीपोटी एवढे काम का निर्माण व्हावे, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

विषय यंत्राचा असला तरी प्रश्न मूलतः पाठाचा आहे, आणि म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये. प्रोग्राम हा एक पाठ आहे. त्यातील प्रत्येक विधान पूर्वी कोठे तरी केलेल्या व्याख्येवर अवलंबून असते, आणि ती व्याख्या वाचणाऱ्याच्या हाती कशी द्यावी याची काही तरी रीत ठरवावी लागते. संस्कृत वैयाकरणांना हा प्रश्न पडला होता. आपल्या वऱ्हाडात, रिद्धपूरच्या परिसरात, महानुभाव ग्रंथकारांनाही तो पडला होता. त्या दोन्ही परंपरांचा उल्लेख पुढे यथास्थळ येईल. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : हेडर फाइलीच्या रीतीने दुसऱ्याच्या व्याख्येवर विसंबणे सोपे झाले, पण ते दृष्टिआड झाले; आणि त्यानंतर योजिलेले बहुतेक सर्व उपाय हे दृष्टिआड झालेले अवलंबन पुन्हा उघड मांडण्याचे प्रयत्न होत.

२

प्रथम प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे अवश्य आहे. सी भाषेतील मोठा प्रोग्राम एकाच फाइलीत लिहिला जात नाही. तो शेकडो, प्रसंगी हजारो फाइलींत विभागलेला असतो. कंपायलर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचतो व तिचे यंत्राला कळेल अशा भाषेत रूपांतर करून ठेवतो. शेवटी लिंकर नावाचा प्रोग्राम या सर्व तुकड्यांची सांधणी करतो. येथे महत्त्वाची गोष्ट ही की, एक फाइल वाचून झाल्यावर कंपायलर त्या फाइलीत जे काही शिकला ते सर्व विसरतो. दुसरी फाइल वाचावयास घेताना त्याची पाटी कोरी असते. सबब, अनेक फाइलींना समाईक असलेल्या व्याख्या प्रत्येक फाइलीच्या आरंभी पुन्हा सांगणे प्राप्त होते.

या पुनरुक्तीचे श्रम वाचावेत म्हणून समाईक व्याख्या एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतात. तीच हेडर फाइल होय. तिच्या नावाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर असते. जेथे त्या व्याख्या हव्या असतील तेथे ‘इन्क्लूड’ ही आज्ञा एका ओळीत लिहावयाची. कंपायलरच्या आधी धावणारा प्रीप्रोसेसर ती ओळ काढून तिच्या जागी हेडर फाइलीचा संपूर्ण मजकूर आणून ठेवतो. तो मजकुराचा अर्थ पाहत नाही. नकलनवीस जसा समोरचा कागद उतरवून काढतो तसा तो उतरवितो. आणलेल्या मजकुरात पुन्हा ‘इन्क्लूड’ची ओळ असेल, तर तिच्याही जागी आणखी एका फाइलीचा मजकूर येतो. अशा रीतीने लेखकाने लिहिलेली एक ओळ कंपायलरपुढे जाईपर्यंत हजारो ओळींची होऊ शकते.

आणखी एक भेद पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवा. समजा, एका रचनेत दुसऱ्या रचनेचा केवळ पत्ता, म्हणजे पॉइंटर, ठेवावयाचा आहे. अशा वेळी ‘या नावाची एक रचना अस्तित्वात आहे’ एवढे कंपायलरला सांगितले तरी पुरते. कारण पत्ता किती जागा व्यापतो हे त्यास ठाऊक असते. परंतु दुसरी रचना सगळीच्या सगळी पहिलीच्या पोटात ठेवावयाची असेल, तर तिचा आकार कळल्यावाचून पहिलीचा आकार ठरत नाही. पहिल्या प्रकारात नाममात्र परिचय भागतो. दुसऱ्या प्रकारात पूर्ण परिचय लागतो. हेडर फाइलींच्या गुंत्याचा फार मोठा भाग या एका भेदातून उद्भवला आहे.

३

‘इन्क्लूड’ ही सोय सी भाषेच्या जन्माबरोबर आलेली नाही. भाषेचे कर्ते डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये सादर केलेल्या सीच्या इतिहासात तिची हकीगत दिली आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७२-७३ च्या सुमारास प्रीप्रोसेसर अस्तित्वात आला. त्यासाठी ॲलन स्नायडर यांनी आग्रह धरला होता. शिवाय बीसीपीएल आणि पीएल-वन या भाषांत एक फाइल दुसरीत आणण्याची जी सोय होती तिची उपयुक्तताही ध्यानात आली होती. आरंभीचा प्रीप्रोसेसर दोनच कामे करीत असे : फाइल आणून ठेवणे आणि एका नावाच्या जागी दुसरा मजकूर घालणे. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्यात भर घालून अटींवर मजकूर ठेवण्याची वा वगळण्याची सोय केली. काही वर्षे तर प्रीप्रोसेसर हा भाषेचा ऐच्छिक जोड समजला जाई, आणि प्रोग्रामच्या आरंभी विशिष्ट खूण असेल तरच तो चालविला जाई. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचे कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सी भाषेत नव्याने लिहिले गेले. येणेप्रमाणे हेडर फाइल व सी भाषेतील ऑपरेटिंग सिस्टिम यांचा प्रवास जवळजवळ एकाच वेळी सुरू झाला.

त्या प्रारंभीच्या व्यवस्थेचे दर्शन १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत घडते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी या आवृत्तीच्या कर्नेलचा मूळ पाठ व त्यावरील भाष्य तयार केले. त्यामुळे हा पाठ ओळीओळीने वाचण्याची परंपराच निर्माण झाली. संपूर्ण पाठ १०,००० ओळींहून कमी. त्यातील कोणतीही फाइल उघडली तर आरंभीच तिला लागणाऱ्या हेडर फाइलींची यादी दिसते : ‘पॅरॅम.एच’, ‘यूझर.एच’, ‘सिस्टम.एच’, ‘प्रॉक.एच’, ‘आयनोड.एच’ इत्यादी. हेडर फाइलींनी परस्परांना बोलावण्याची चाल तेव्हा रूढ नव्हती. कोणाला काय लागते ते ज्याने त्याने आपल्या फाइलीच्या दाराशीच लिहून ठेवावयाचे, असा तो रिवाज होता.

परंतु त्यातही एक अडचण लपलेली होती. ‘यूझर.एच’ या फाइलीत चालू प्रोग्रामने उघडलेल्या फाइलींची एक सारणी आहे. तिची लांबी एका नावाने सांगितली आहे. आणि त्या नावाची किंमत १५ आहे हे ‘पॅरॅम.एच’ या फाइलीत सांगितले आहे. म्हणजे ‘यूझर.एच’ वाचण्यापूर्वी ‘पॅरॅम.एच’ वाचलेली असणे आवश्यक. तथापि ‘यूझर.एच’मध्ये तसे कोठेही म्हटलेले नाही. तो संबंध केवळ क्रमात साठविलेला आहे. दोन ओळींची अदलाबदल केली की पाठ निरर्थक होतो.

४

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास येथे अनुवृत्तीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. पाणिनीच्या सूत्रांत पूर्वीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारताच चालू राहते. त्यामुळे सूत्रे कमालीची आटोपशीर होतात. पण एखादे सूत्र आपल्या जागेवरून उचलून वेगळे वाचले की ते अपुरे ठरते. क्रम हाच तेथे अर्थाचा एक भाग असतो. सहाव्या आवृत्तीतील ‘यूझर.एच’ची स्थिती नेमकी अशीच आहे.

याहून अधिक उद्बोधक असा एक वाद त्याच परंपरेत आहे. संज्ञासूत्रे व परिभाषासूत्रे यांचा विधिसूत्रांशी संबंध कसा जुळतो, याविषयी वैयाकरणांत दोन पक्ष आहेत. यथोद्देश पक्षाच्या मते संज्ञा जेथे सांगितली तेथेच ती समजून घ्यावयाची, आणि ते ज्ञान जवळ बाळगून पुढे जावयाचे. कार्यकाल पक्षाच्या मते ज्या ठिकाणी विधी करावयाचा त्या ठिकाणी संज्ञा स्वतः उपस्थित होते व त्या विधीशी एकरूप होते. महाराष्ट्रीय घराण्यातील व काशीस राहिलेले नागेशभट्ट यांनी आपल्या ‘परिभाषेन्दुशेखर’ ग्रंथाच्या आरंभीच या दोन पक्षांचा ऊहापोह केला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या कीलहॉर्न यांनी १८६८ पासून हा ग्रंथ संपादून व भाषांतरून प्रसिद्ध केला, त्यामुळे आधुनिक अभ्यासकांना तो सुलभ झाला.

सी भाषेची ‘इन्क्लूड’ ही आज्ञा म्हणजे कार्यकाल पक्षाचा अक्षरशः अंमल होय. जेथे काम, तेथे व्याख्या सदेह हजर. याउलट निकलाउस विर्थ यांच्या मोड्युला-२ या भाषेत व्याख्यांचा विभाग स्वतंत्रपणे कंपाइल होतो आणि इतर विभाग त्याचे केवळ नाव घेतात. ही यथोद्देशाची रीत झाली. अर्थात हे साम्य फार ताणू नये. व्याकरणाचा अभ्यासक मनुष्य असतो. एकदा समजलेली संज्ञा त्याच्या स्मरणात राहते, आणि ती शंभर ठिकाणी उपस्थित झाली तरी त्याचे श्रम शंभरपट होत नाहीत. कंपायलर मात्र दर फाइलीगणिक विसरतो, आणि दर वेळी तोच मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचतो. कार्यकाल पक्षाची खरी किंमत यंत्राच्या हाती पडल्यावरच उघड झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

५

ही किंमत दोन प्रकारची होती : चुकीची आणि काळाची.

चुकीची किंमत अशी. हेडर फाइलीत एखादी रचना बदलली, तर तिच्यावर विसंबणाऱ्या सर्व फाइली पुन्हा कंपाइल केल्या पाहिजेत. त्यातील एक जरी राहिली, तर प्रोग्रामचा एक भाग रचनेचा जुना आकार धरून चालतो व दुसरा नवा. कंपायलरला त्याचा पत्ता लागत नाही, कारण तो एका वेळी एकच फाइल पाहतो. लिंकरलाही लागत नाही, कारण तो केवळ नावे जुळवितो. या वर्गातील घोटाळ्यांवरचा उपाय बेल लॅबोरेटरीजमध्येच १९७६ मध्ये निघाला. स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ दुरुस्त केलेल्याच प्रोग्रामातील दोष शोधण्यात वाया गेली; दुरुस्ती झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहिली होती. हा त्रागा ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्राम लिहिला. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे याची लेखी यादी त्यास द्यावयाची. मग फाइलींच्या तारखा ताडून जे जुने झाले असेल तेवढेच तो नव्याने घडवितो. या कार्याबद्दल फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

‘मेक’चे खरे महत्त्व वेगापेक्षाही यात आहे की, त्याने अवलंबन ही गोष्ट प्रथमच लेखी स्वरूपात मागितली. परंतु हाताने लिहिलेली यादी आणि प्रत्यक्ष पाठ यांत तफावत पडू लागली. एखाद्याने फाइलीत नवी ‘इन्क्लूड’ ओळ घातली व यादीत नोंद केली नाही की तोच घोटाळा पुन्हा उभा. पुढे कंपायलरनेच वाचता वाचता ही यादी तयार करावी अशी सोय झाली. लिनक्समध्येही २००३ अखेर आलेल्या २.६ आवृत्तीपूर्वी अवलंबनांची यादी करण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागे. त्यानंतर ते काम आपोआप होऊ लागले.

काळाची किंमत अधिक हळूहळू ध्यानात आली. यूझर-पॅरॅम यांच्यासारखी क्रमाची अडचण टाळावी म्हणून हेडर फाइलींनी आपल्याला लागणाऱ्या हेडर फाइली स्वतःच बोलवाव्यात, अशी रीत पडली. वापरणाऱ्याला हे सोयीचे होते. क्रम लक्षात ठेवणे नको. पण एकच फाइल अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येऊ लागली. त्यावर पहाऱ्याची युक्ती निघाली : फाइलीच्या आरंभी एक खूण पाहावयाची, ती आधी ठेवलेली असेल तर उरलेला मजकूर वगळावयाचा. यामुळे व्याख्या दोनदा होणे टळले, पण वाचणे टळले नाही. रॉब पाइक यांनी नोंदविले आहे की, १९८४ मध्ये युनिक्सच्या ‘पीएस’ या प्रोग्रामची मूळ फाइल कंपाइल होताना एकच हेडर फाइल ३७ वेळा आणली जात होती. त्यापैकी ३६ वेळा तिचा मजकूर टाकूनच दिला जाई. तथापि तेव्हाचे बहुतेक कंपायलर ती ३७ वेळा उघडून वाचीतच असत. १९८९ मधील आपल्या टिपणांत पाइक यांनी म्हणूनच जुन्या रिवाजाकडे परतण्याचा आग्रह धरला : हेडर फाइलीने हेडर फाइल बोलावू नये, ज्याला जे लागते त्याने ते आपल्या आरंभी लिहावे. पुढे गो ही भाषा घडविताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न समोर ठेवला होता, आणि त्या भाषेत दोन विभागांनी परस्परांवर चक्राकार विसंबण्यास मज्जावच आहे.

६

लिनक्सच्या कर्नेलची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आरंभी ती अगदी लहान होती, आणि हेडर फाइलींनी हेडर फाइली बोलावण्यात कोणाचे काही बिघडत नव्हते. ‘स्केड.एच’ या फाइलीत चालू कामाचे वर्णन करणारी रचना असे. तिच्यात स्मृती, फाइली, संकेत, वेळ अशा सर्व विभागांची माहिती एकत्र येते. काही माहिती पॉइंटरने येते. पण पुष्कळशी प्रत्यक्ष पोटात येते, आणि मागे सांगितल्याप्रमाणे तिचा पूर्ण परिचय लागतो. त्यामुळे ‘स्केड.एच’ने इतर विभागांच्या हेडर फाइली बोलावल्या. इतर विभागांनाही चालू कामाची माहिती हवीच असल्यामुळे त्यांनी ‘स्केड.एच’ बोलावली. वेगासाठी लहान फंक्शने हेडर फाइलींतच लिहिण्याची जी पद्धत आहे, तिने या गुंत्यात भर घातली. कारण फंक्शनचे केवळ नाव सांगून भागत नाही, त्याचे सबंध शरीर दिले की त्यात वापरलेल्या प्रत्येक रचनेचा पूर्ण परिचय द्यावा लागतो.

या गुंत्याचा सर्वांत उपद्रवी परिणाम म्हणजे उसने अवलंबन. एखादी फाइल ‘क’ ही हेडर फाइल मागते. ‘क’ने काही कारणाने ‘ख’ला बोलावलेले असते. मूळ फाइलीचा लेखक ‘ख’मधील व्याख्या वापरतो, ती सापडते, म्हणून आपण ती कोठून घेतली याचा विचार त्यास करावा लागत नाही. पुढे कोणी ‘क’ची साफसफाई करून ‘ख’ला वगळतो, आणि ‘क’शी काहीही संबंध नसलेली ही फाइल मोडते. ती प्रत्येक वेळी मोडते असेही नाही. विशिष्ट प्रकारच्या यंत्रासाठी, विशिष्ट पर्याय निवडले असतानाच मोडते. म्हणून साफसफाई करणाऱ्यास अनेक प्रकारची यंत्रे व पर्याय धरून संपूर्ण कर्नेल पुन्हा पुन्हा घडवून पाहावे लागते. चूक एकाची, श्रम दुसऱ्याचे, आणि संबंध कोठेच लिहिलेला नाही, अशी ही अवस्था आहे.

लिनक्समधील उपायांचा इतिहास पाहिला तर त्यात एक दिशा दिसते. २००५ मध्ये मोलनार यांनी स्पिनलॉक या कुलुपांसंबंधीचा मजकूर एकत्र आणून नव्याने मांडला, तेव्हा केवळ रचनांच्या व्याख्या एका हेडर फाइलीत व त्यांवर चालणारी फंक्शने दुसरीत अशी विभागणी केली. ज्याला कुलूप आपल्या रचनेत फक्त ठेवावयाचे आहे त्याने पहिली फाइल घ्यावी; ज्याला ते प्रत्यक्ष लावावयाचे आहे त्याने दुसरी. २०१२ मध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी कर्नेलबाहेरील प्रोग्रामांना दिलेले अभिवचन आणि कर्नेलचा आतला व्यवहार यांच्या हेडर फाइली वेगळ्या केल्या. ही विभागणी ३.७ आवृत्तीत आली. २०१७ च्या ४.११ आवृत्तीत ‘स्केड.एच’चे अनेक लहान फाइलींत विभाजन झाले.

पर्यायांच्या बाबतीत एक विशेष युक्ती उल्लेखनीय आहे. निवडलेल्या सर्व पर्यायांची एक हेडर फाइल कर्नेलमधील प्रत्येक फाइलीला दिली जाते. तेव्हा एक पर्याय बदलला तरी सर्व कर्नेल पुन्हा घडवावे लागेल. हे टळावे म्हणून कर्नेलच्या बांधणीत एक लहान प्रोग्राम आहे. तो प्रत्येक फाइलीत कोणत्या पर्यायांची नावे प्रत्यक्ष वापरली आहेत ते शोधतो, आणि अवलंबनाच्या यादीतून ती सर्वसमावेशक फाइल काढून तेवढ्याच पर्यायांची नोंद करतो. ‘मला सर्व काही लागते’ या सरसकट विधानाऐवजी ‘मला इतकेच लागते’ हे नेमके विधान येते.

मोलनार यांची २०२२ ची मालिका याच दिशेने टाकलेले सर्वांत मोठे पाऊल होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कर्नेलमध्ये तेव्हा १०,००० हून अधिक हेडर फाइली होत्या, आणि हे काम त्यांनी २०२० च्या अखेरीस सुरू केले होते. मालिकेमुळे संपूर्ण कर्नेल घडविण्याचा वेग, निवडलेल्या पर्यायांनुसार, ५० ते ८० टक्क्यांनी वाढतो असे त्यांनी नोंदविले. पण इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. मालिकेतील बदलांचा मोठा भाग काही काढून टाकण्याचा नव्हता. तो घालण्याचा होता. हजारो फाइली ज्या व्याख्या उसन्या घेत होत्या, त्यांच्या हेडर फाइलींची नावे त्या त्या फाइलींच्या आरंभी स्पष्ट लिहिण्याचे ते काम होते. ते झाल्यावरच मधल्या फाइली हलक्या करता येत होत्या. एवढी मोठी मालिका एकगठ्ठा स्वीकारली गेली नाही. त्याच वर्षी शेड्युलरच्या विभागापुरते त्यातील काम मुख्य पाठात आले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये केंट ओव्हरस्ट्रीट यांच्याकडून आलेल्या बदलांनी ‘स्केड.एच’ला केवळ रचनांच्या व्याख्यांपुरते मर्यादित करण्याच्या दिशेने आणखी छाटणी केली. म्हणजे हे काम आता तुकड्यातुकड्यांनी चालू आहे.

७

आता रिद्धपूरकडे वळू. अमरावती जिल्ह्यातील हे स्थान महानुभाव पंथाच्या वाङ्मयव्यवहाराचे केंद्र होते. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने तेथे इ. स. १२७८ च्या सुमारास एकत्र केल्या; तो ग्रंथ ‘लीळाचरित्र’. डॉ. वि. भि. कोलते यांची त्याची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. लीळांत श्रीचक्रधरांची वचने प्रसंगाच्या ओघात येतात : कोणी काय विचारले, कोठे विचारले, त्यावर ते काय बोलले. केसोबासांनी ही वचने प्रसंगातून वेगळी काढून विषयवार लावली, व ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. अभ्यासाला, पाठांतराला, प्रमाण म्हणून उल्लेखिण्याला ही मांडणी उत्तम होती. परंतु अनेक सूत्रे प्रसंगाबाहेर संदिग्ध होतात. सर्वनाम कोणाला उद्देशून, निषेध कशाचा, उपदेश कोणत्या अधिकाऱ्याला, हे केवळ सूत्रावरून कळत नाही. ज्याला लीळा मुखोद्गत आहेत त्याला अडचण नाही; पण त्याचे ज्ञान त्याच्या स्मरणात आहे, पाठात नाही. म्हणून पंथात ‘प्रकरणवश’ हा ग्रंथप्रकार निर्माण झाला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला सांगितले, याची त्यात नोंद असते.

या तीन ग्रंथांच्या संबंधात आपल्या विषयाचे सार सापडते. वचने प्रसंगातून सोडविल्याने सोय झाली. सोयीमुळे अवलंबन अदृश्य झाले. आणि पुढील पिढीला ते सूत्रागणिक पुन्हा लिहून काढावे लागले. सूत्रपाठाने लीळाचरित्राची आवश्यकता संपविली नाही, त्याने ती फक्त नजरेआड केली. ‘प्रकरणवश’ रचणाऱ्यांनी जे सूत्रांसाठी केले, तेच काम २०२२ मध्ये मोलनार यांच्या मालिकेतील त्या असंख्य ‘इन्क्लूड’ ओळींनी फाइलींसाठी केले.

हा प्रश्न आपल्या विद्यापीठाच्या परिसरातील अभ्यासकांना परका नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ ची. अकोला, अमरावती येथील महाविद्यालयांत सी शिकणारा विद्यार्थी, नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून शिको अथवा अन्य कोणत्या, त्याच्या पहिल्याच प्रोग्रामची पहिली ओळ बहुधा ‘इन्क्लूड’ची असते. ती ओळ मंगलाचरणासारखी लिहिली जाते. तिच्यामुळे आपल्या पाठात काय येते, त्यातील आपल्याला काय लागते, आणि न मागता आणखी काय येते, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. पुढे तोच विद्यार्थी मोठ्या प्रणालीवर काम करू लागतो, तेव्हा आधीच्या फाइलीतील ओळींची यादी जशीच्या तशी नव्या फाइलीत उतरवितो. पाठ चालतो, म्हणून यादी योग्य समजली जाते. एका ओळीचे अज्ञान असे हजारो फाइलींत पसरते, आणि त्याची फेड करणाऱ्यांना वर्षानुवर्षे खपावे लागते. शिवाय ज्याच्याजवळ वेगवान यंत्र आहे त्याला मोठ्या कर्नेलची बांधणी ही थोड्या वेळची बाब असते. साध्या यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक लहान बदलानंतर दीर्घकाळ थांबावे लागते. मूळ पाठ वाचण्यास तो मोकळा असला, तरी बदलून पाहण्यास तितका मोकळा राहत नाही.

या दृष्टीने पदव्युत्तर वर्गांसाठी एक अभ्यास सुचवावासा वाटतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २००६ पासून अध्यापनासाठी वापरलेली एक्सव्ही-६ ही लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर रचलेली आहे. तिचा पाठ विनामूल्य उपलब्ध आहे, आणि ती साध्या यंत्रावर सहज घडविता येते. तिच्यातही हेडर फाइलींची यादी प्रत्येक फाइलीच्या आरंभी दिलेली असते. विद्यार्थ्याने तिच्यातील एक फाइल घ्यावी. यादीतील एकेक ओळ काढून पाहावी. काय मोडते आणि का मोडते ते लिहावे. मग क्रम बदलून तेच करावे. कोठे नाममात्र परिचय पुरला व कोठे पूर्ण परिचय लागला, याची सारणी तयार करावी. सूत्रपाठातील एखादे प्रकरण घेऊन, लीळाचरित्र बाजूस ठेवून, किती सूत्रे स्वतंत्रपणे लागतात हे पाहण्याचा अभ्यास मराठीच्या वर्गाला याच रीतीने करता येईल. दोन्ही वर्गांनी आपल्या सारण्या एकमेकांना दाखवाव्यात. पाठ कशाच्या आधारावर उभा आहे हे नेमके सांगता येणे ही पाठ समजल्याची पहिली कसोटी होय, आणि ती कसोटी दोन्ही विद्यांना सारखीच लागू आहे.